ग्रुपवरच्या फोटोंचे दप्तर कोण सांभाळणार?

पूर्वी गावात काही कळवायचे झाले की कोतवाल दवंडी देत असे. दवंडी ऐकली की काम संपले, तिचे ओझे कोणाच्या डोक्यावर राहत नसे. आता प्रत्येक गावात व्हॉट्सॲपचे तीन-चार तरी ग्रुप आहेत. एक ग्रामपंचायतीचा, एक शेतकरी गटाचा, एक सोसायटीचा, शिवाय भजनी मंडळाचा आणि गणेश मंडळाचा वेगळा. सकाळी सहाला गुलाबाचे फूल आणि सुप्रभात येते. मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक, त्याखाली वीस जणांचे हात जोडलेले. मग कुठल्याशा धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ. आणि या सगळ्याच्या मध्ये कोणीतरी सोयाबीनच्या पिवळ्या पानाचा एक हललेला फोटो टाकून विचारलेले असते, "साहेब, कोणतं औषध मारू?" दिवसभरातला तेवढा एकच फोटो शेतकऱ्याच्या पोटाशी निगडित असतो, आणि नेमका तोच दुपारपर्यंत वर सरकून दिसेनासा होतो.

यावर बऱ्याच गावांनी काढलेला तोडगा मला मान्य नाही, म्हणून हा लेख. तोडगा असा की ग्रुपला कुलूप लावायचे. सेटिंग बदलायचे, फक्त ॲडमिनने टाकायचे आणि बाकीच्यांनी वाचायचे. सरपंचही खूश, ग्रामसेवकही खूश, कटकट नाही. पण शेतीच्या ग्रुपला असे कुलूप लावणे म्हणजे शिवारातले पन्नास-शंभर डोळे आपल्याच हाताने बांधून ठेवणे आहे. एकेका कृषी सहायकाकडे किती गावे असतात, हे वाचकांना ठाऊक आहे. (आता आमच्या पदाचे नाव सहायक कृषी अधिकारी झाले आहे, पण गावात अजून कृषी सहायकच म्हणतात आणि गावे काही कमी झालेली नाहीत.) कीड पहिल्यांदा दिसते ती बांधावरच्या माणसाला. त्याने ती दाखवायचीच नाही म्हटल्यावर आम्ही कसले सर्वेक्षण करणार?

मात्र दाखवायची तर नीट दाखवली पाहिजे. सोयाबीनचेच उदाहरण घ्या. २०२३ च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात पिवळ्या मोझॅकने पिकाचे किती नुकसान केले, हे सगळ्यांनी पाहिले. हा विषाणूजन्य रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. सुरुवातीला रोगट झाडे उपटून नष्ट करणे आणि माशीचा बंदोबस्त करणे एवढेच हातात असते. पण पान पिवळे पडते ते लोहाच्या कमतरतेनेही, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचलेल्या वावरात. तिथे कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पानावर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची सरमिसळ दिसते. हाताच्या अंतरावरून पाहिले तर फरक कळतो, पण उन्हात झूम करून काढलेल्या आणि चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोत दोन्ही सारखेच पिवळे दिसतात. मग लोहाच्या कमतरतेवर कीटकनाशक आणि मोझॅकवर सूक्ष्म अन्नद्रव्य, असा उलटा कारभार होतो. पैसा जातो आणि फवारणीचे चार दिवसही हातचे जातात.

मक्यावरच्या लष्करी अळीचेही तेच. ही अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे २०१८ साली आली. तिची ओळख म्हणजे शेपटाकडून दुसऱ्या भागावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके आणि डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण. आता आमच्याकडे येणारे दहातले आठ फोटो कसले, तर पोंग्यातल्या भुशाचे आणि खाल्लेल्या पानाचे. अळी त्यात नसतेच! अळी तळहातावर किंवा कागदावर घ्या, डोक्याकडचा एक आणि शेपटाकडचा एक असे दोन फोटो काढा. बाकी पिकांचेही असेच आहे. एक फोटो वावराचा, म्हणजे रोग सगळीकडे आहे की एका पट्ट्यात हे कळेल, एक मुळासकट उपटलेल्या झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा आणि एक खालच्या बाजूचा. फोटो सावलीत काढा, झूम करू नका, मोबाईल जवळ न्या. आणि खाली चार शब्द लिहा: गट नंबर, वाण, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी कशाची केली. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा, चालेल. नुसत्या फोटोवरून औषध सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही, मग तो कोणी का असेना.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पिवळ्या पानाचा फोटो पडला की पाच मिनिटांत खाली बाटलीचा फोटो येतो. कधी दुकानदाराचा, कधी कंपनीच्या माणसाचा, कधी शेजारच्या गावातल्या उत्साही तरुणाचा. त्याच्या मागोमाग व्हिडिओ, चार औषधे एका पंपात मिसळून मारा, तीन दिवसांत चमत्कार. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत का? लेबलावर न लिहिलेली मिश्रणे व्हिडिओ पाहून करणे हा खेळ नाही. असा व्हिडिओ ग्रुपवर दिसला की तो काढलाच पाहिजे. त्यात कोणाची भीड धरू नये.

दुसरा विषय नुकसानीच्या फोटोंचा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात नद्यांनी पात्रे सोडली, पिके पाण्याखाली गेली, जमिनी खरडून गेल्या. तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही पंचनाम्याला पोचेपर्यंत अनेक ठिकाणी पाणी ओसरलेले असते. त्या वेळी शेतकऱ्याने पहिल्या दिवशी काढलेला फोटो फार मोलाचा असतो. पण तो मागितला की काय होते? "ग्रुपवर टाकला होता साहेब." आता ग्रुपवर शोधायचे कुठे? आणि सापडला तरी तो कोणाच्या वावराचा, कोणत्या दिवशीचा, याचा पत्ता नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकाराने लहान होतो आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्याने लिहून ठेवलेली तारीख, वेळ, ठिकाण ही माहिती निघून जाते. ई-पीक पाहणीच्या फोटोला वजन आहे ते यामुळेच की तिथे ॲप ठिकाणासकट नोंद करते. ग्रुपवरच्या फोटोला तसले काही नसते. म्हणून मूळ फोटो मोबाईलमध्येच ठेवा, कॅमेऱ्याचे लोकेशन चालू ठेवा आणि पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा पाठवला तर फोटो जसाच्या तसा पोचतो, आतल्या माहितीसह.

पण मूळ फोटो मोबाईलमध्ये टिकतो कुठे? मोबाईल भरला की नातू सगळे एका झटक्यात साफ करून देतो. सुप्रभातची फुले जातात आणि त्यांच्याबरोबर वाहून गेलेल्या बांधाचे फोटोही जातात. याला उपाय सोपा आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, तिथे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करता येते. तिथूनच कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली तेही दिसते आणि मोठे व्हिडिओ निवडून काढता येतात. आपल्या शेताचे फोटो आधी वेगळ्या फोल्डरला लावा, मग झाडझूड करा. आणखी एक बघून ठेवा. काही ग्रुपवर कोणीतरी मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू केलेली असते, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. शेतीच्या ग्रुपवर ती बंदच हवी.

अफवांच्या व्हिडिओंबद्दल फार लिहीत नाही, पण एक प्रसंग गावकारभाऱ्यांनी लक्षात ठेवावा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने मारून टाकले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्या काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक मुळात पाकिस्तानात कराचीतल्या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला होता. शेवटी मोटारसायकलवाले मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. मूळ शेवट माहीत नसलेला व्हिडिओ पुढे ढकलताना एवढे आठवावे. व्हिडिओवर दोन बाणांची खूण असेल तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे, पाठवणाऱ्याने स्वतः काढलेला नाही, हे तरी नक्की.

"पण ॲडमिन व्हायचं कोणी? उद्या पोलीस आले तर?" अशी धास्ती सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले आहे की समान हेतू किंवा आधीचे संगनमत दिसत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. त्या वेळी सभासद घेणे आणि काढणे ॲडमिनच्या हातात होते, पण दुसऱ्याने टाकलेला मजकूर काढणे नव्हते. २०२२ पासून दुसऱ्याने टाकलेला फोटो किंवा व्हिडिओ सर्वांसाठी काढून टाकण्याची सोयही ॲडमिनला मिळाली आहे. म्हणजे कायद्याची भीती कमी झाली असली तरी नैतिक जबाबदारी वाढली, असे माझे मत. दिसत असून काढले नाही, तर कोर्टाला नाही पण गावाला उत्तर द्यावे लागेल. अर्थात काढण्याआधी ज्याने तो पुढे पाठवला, तिथे ॲडमिनचा हात पोचत नाही. त्यामुळे उशीर करून चालत नाही.

आणि आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा यांचे फोटो उघड्या ग्रुपवर मागवणे आधी थांबवा! अनुदानाच्या यादीसाठी म्हणून आपलेच कर्मचारी ते मागवतात, हे मी आमच्याच लोकांबद्दल लिहितो आहे. ज्याला कागद हवा त्याने स्वतःच्या नंबरवर मागवावा. योजनेच्या नावाने येणारी, शेवटी एपीके लिहिलेली फाईल तर कोणी उघडूच नये, त्यातून बँक खाती रिकामी झालेली आहेत.

मग करायचे काय? गावाचे दोन ग्रुप पुरेत. एक सूचनांचा, त्याला खुशाल कुलूप लावा. दुसरा पिकाचा, तो सर्वांना खुला, पण तिथे फक्त आपल्या शिवारातले फोटो आणि गट नंबर-तारखेसह. सुप्रभात आणि वाढदिवसाला भजनी मंडळाचा ग्रुप आहेच, त्यांची तक्रार येणार नाही. पिकाच्या ग्रुपला दोन ॲडमिन असावेत. एक बांधावर फिरणारा जाणता शेतकरी, दुसरी शक्यतो मोबाईल चांगला हाताळणारी गावातलीच मुलगी किंवा सून. बायका ग्रुपवर नसतात आणि निंदणी-वेचणीत कीड आधी त्यांनाच दिसते, हे काही नवीन नाही. या दोघांनी रोज संध्याकाळी दहा मिनिटे ग्रुप चाळावा, नको ते काढावे, उत्तर न मिळालेला फोटो आमच्याकडे पुन्हा पाठवावा. महिन्यातून एकदा कामाचे फोटो ग्रामपंचायतीच्या संगणकावर हंगाम आणि गट नंबर लावून ठेवले, तर दोन-तीन वर्षांत गावच्या किडीरोगांची आणि पाणी शिरणाऱ्या वावरांची नोंदच तयार होते. पुढच्या वर्षी कोणत्या पट्ट्यात आधी कामगंध सापळे लावायचे, हे त्यावरून आम्हालाही ठरवता येईल.

खरिपाआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि दोन्ही ॲडमिनची नावे इतिवृत्तात लिहावीत. निधी लागत नाही. संगणकाचे काम मात्र केंद्रचालकाला आधी विचारून त्याच्याकडे द्या. त्याच्या टेबलावर दाखल्यांचा ढीग आधीच आहे, त्यामुळे महिन्याचा कोणता दिवस फोटोंसाठी हे त्यालाच ठरवू द्यावे.