तह करणारा भित्रा नव्हे



संगणकावरच्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात मैत्रीचा हात पुढे करणे म्हणजे भित्रेपणा, असे आपल्या सातवीतील बऱ्याच जणांचे ठाम मत आहे. माझे मत नेमके उलट आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढच्या अंकात खुशाल विरुद्ध लिहावे, जागा राखून ठेवतो.

लहान वर्गांना हा खेळ ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. सिड मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९१ साली प्रथम काढला. शनिवारी शाळा सुटल्यावर आपण माझ्या लॅपटॉपवर खेळतो तो त्यातला सहावा, २०१६ सालचा. बुद्धिबळासारखी पाळीपाळीने चाल करायची. काळ इ. स. पूर्व ४००० चा, हाती एक गाव वसवण्यापुरती माणसं आणि एक लढवय्या, भोवती सगळा न पाहिलेला मुलूख.

पहिला शेजारी भेटला रे भेटला, की आपली मंडळी ओरडतात, “गुरुजी, सैन्य काढा!” परवाच्या डावात एक मुलगी म्हणाली, “आधी वकील तर पाठवू या.” झालं! “भित्री भागूबाई” म्हणून सगळे तिला हसले. तरी आपण वकील पाठवला, पुढे मैत्रीही झाली, हे हसणारे सोयीस्कर विसरतात.

आता हिशेब बघा. वकील पाठवायला २५ मोहरा लागतात. तेवढ्यात साध्या लढवय्यांची एक तुकडीसुद्धा विकत मिळत नाही. मैत्रीचा करार झाला, की ३० पाळ्या दोघांपैकी कुणालाही दुसऱ्यावर युद्ध पुकारता येत नाही. म्हणजे ती एक सीमा मोकळी झाली. तिथले सैन्य दुसरीकडे नेता येते आणि सैन्यावर जाणारे बळ कोठारे, कालवे, विद्यालये यांना लागते. लढाईत एक शहर मिळेलही, पण तोवर दूरचा कुणीतरी निवांतपणे विद्येत पुढे गेलेला असतो. आपल्या बाबतीत हे दोनदा झाले आहे.

मैत्री मुरली की युती करता येते. ती पाच प्रकारची असते: विद्येची, संस्कृतीची, व्यापाराची, सैन्याची आणि धर्माची. एका प्रकारची युती एका वेळी एकाशीच, म्हणून जोडीदार पारखून घ्यावा लागतो. २०१८ साली या खेळात आपला चंद्रगुप्त मौर्य आला. त्याला सीमेलगतचे राजे आवडत नाहीत, लांबचे आवडतात. ही कल्पना कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तली. शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. मला मात्र वाटते, की खेळाच्या सुरुवातीला तरी जवळच्याशीच आधी जुळवून घ्यावे, कारण घाव तिकडूनच पहिला येतो.

छोट्या नगरराज्यांचेही तेच. दुबळी दिसतात म्हणून आपण ती आधी गिळतो. तिथे निदान तीन दूत आणि इतरांपेक्षा जास्त दूत ठेवले, तर ते राज्य आपल्या बाजूने युद्धातही उतरते. फुकटचे सैन्य म्हणा ना!

“पण गुरुजी, शेजाऱ्यानं दगा दिला तर?” असे एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. मुदत संपली की तो हल्ला करू शकतो, आणि आपले सैन्य अगदीच तोकडे दिसले तर करतोही. म्हणून सीमेवर चार तिरंदाज हवेतच. मी सैन्य मोडा म्हणत नाही. पण आपण दगा दिला तर त्याचीही नोंद होते. २०१९ सालापासून खेळात गाऱ्हाण्यांचा हिशेब ठेवतात. जाहीर निषेध करून पाच पाळ्या थांबून पुकारलेल्या युद्धापेक्षा अचानक घातलेल्या घाल्याची गाऱ्हाणी जास्त. मग जगाच्या परिषदेत मते कुठून मिळणार? तिथे २० गुण झाले की तलवार न उपसता डाव जिंकता येतो. मात्र कुणी २० च्या जवळ आला, की बाकीचे एक होऊन त्याचे गुण कापू पाहतात. हा मार्ग सोपा नाही, भित्र्याचा तर मुळीच नाही.

चौथीच्या इतिहासात पुरंदरचा तह आहे. १६६५ साली महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. १६७० पासून गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली आणि १६७७ साली कुतुबशहाशी मैत्री करून दक्षिणेची मोहीम काढली. या राजाला भागूबाई म्हणायची कुणाची छाती आहे?

असो. आपल्या चालू डावात उत्तरेच्या शेजाऱ्याशी केलेल्या मैत्रीची मुदत संपायला चार पाळ्या उरल्या आहेत. करार पुढे चालवायचा की नाही, यावर शनिवारी हात वर करून मत घेऊ. त्या मुलीने आधी बोलायचे, बाकीच्यांनी मध्ये हसायचे नाही.