ताकदीचं खूळ

रिमोटवरची ड्रिफ्ट गाडी हातात आली की आमच्या हुबळी-धारवाडची पोरं पहिला पैसा मोटरवर उडवतात. मग दोन सेलची बॅटरी जाऊन तीन सेलची येते, निळ्या-लाल अ‍ॅल्युमिनियमचे आर्म बसतात, चेसिसखाली दिवे लागतात आणि ‘फुल्ल मॉडिफाय’ म्हणून फोटो फिरतो. ती गाडी जमिनीवर ठेवा आणि एक साधं वर्तुळ काढून दाखवायला सांगा. अर्ध्या फेरीत शेपूट पुढं येतं, गाडी भोवऱ्यासारखी गिरकी घेते आणि मालक म्हणतो, फरशीच खराब आहे. नाचता येईना, अंगण वाकडं! ह्याला सुधारणा म्हणायला मी तयार नाही. चांगल्या चालत्या गाडीची ही नासाडी आहे. ती शिकवणारे व्हिडिओवाले आणि त्यावर गल्ला भरणारे विक्रेते तिला पुरेपूर जबाबदार आहेत.

ड्रिफ्ट म्हणजे वेग नव्हे, हे एकदा नीट समजून घ्या. मागची चाकं घसरत ठेवायची, पुढची चाकं घसरणीच्या दिशेला वळवायची आणि त्याच अवस्थेत गाडी ठरल्या रेषेवरून न्यायची, एवढाच हा खेळ. त्यात घड्याळ लावून निकाल देत नाहीत. रेषा बघतात, कोन बघतात, आणि दोन गाड्या जोडीनं धावल्या तर मागचा पुढच्याला किती चिकटून राहिला ते बघतात. रिमोटच्या ड्रिफ्ट गाडीचे टायर कडक प्लास्टिकचे असतात. प्लास्टिक जमिनीला धरत नाही, म्हणून तर गाडी घसरते. जे चाक साध्या मोटरनंच जागच्या जागी फिरतंय, त्याला दुप्पट ताकद दिली तर ते दुप्पट जोरात जागच्या जागी फिरेल. दुसरं काय होणार? जगभरात कितीतरी ठिकाणी ह्या खेळात सगळ्यांना एकच टायर सक्तीचा असतो. सगळ्यांची पकड सारखी झाली की मोटरची बढाई तिथंच संपते.

ज्याच्या नावानं ही पोरं शपथा घेतात तो केइची त्सुचिया कुठल्या गाडीवर मोठा झाला? टोयोटाच्या एई८६वर. १९८३ ते १९८७ ह्या काळात निघालेली ही गाडी १,५८७ सीसीची, अश्वशक्ती सुमारे १३०. इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना, अंगानं हलकी. जपानच्या डोंगरी रस्त्यांवर ह्या माणसानं नाव कमावलं ते वजन एका चाकावरून दुसऱ्या चाकावर कधी आणि कसं टाकायचं हे कळत होतं म्हणून. तिच्यापेक्षा ताकदवान गाड्या तेव्हाही रस्त्यावर होत्याच.

आता कोणीतरी अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट स्पर्धेचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकणार. तिथल्या गाड्या हजार अश्वशक्तीच्या आसपास गेल्या आहेत, हे खरं. पण तिथं रबराचे, रुंद, रस्त्याला घट्ट धरणारे टायर आहेत. ती पकड मोडायला ताकद लागतेच. तुमच्या गाडीला पकडच नाही, मग मोडणार काय?

पैसा खर्च करायचाच असेल तर पुढच्या चाकांवर करा. साध्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीची चाकं जेमतेम २५-३० अंश वळतात. ड्रिफ्टसाठी बनवलेल्या गाडीची ६०च्या पुढं जातात. इथले अर्धे शूर काय करतात, तर पुढचे शाफ्ट काढून गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह करून मोकळे होतात आणि स्टिअरिंगचा कोन आहे तेवढाच ठेवतात. शेपूट सुटल्यावर तिला सावरायला चाक वळायला जागाच नाही, मग गिरकी घेईल नाहीतर काय करेल? शाफ्ट निघाला म्हणजे चाकाला अडवणारी एक गोष्ट गेली. आता चाक धरणारा स्टिअरिंग नकल बदला, टाय-रॉडची लांबी बदला, चाक आर्मला कुठं घासतंय ते उजेडात धरून बघा आणि तिथलं प्लास्टिक कानशीनं उतरवा.

त्यानंतर चाकं वळवणारा सर्व्हो आणि जायरो. ६० अंश फिरायला ०.२० सेकंद घेणारा सर्व्हो ह्या कामाचा नाही, ०.०८च्या आसपासचा घ्या. जायरो रिसीव्हर आणि सर्व्होच्या मध्ये बसतो, गाडी कुठल्या बाजूला फिरतेय ते ओळखतो आणि तुमचं बोट हलायच्या आत चाक उलटं वळवतो. स्वस्त गाड्यांत रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर एकाच डबीत असतात आणि सर्व्होला पाच तारा असतात. तिथं जायरो जोडताच येत नाही. अशी डबी काढून टाकण्यात घातलेला पैसा वाया जात नाही. जायरो लावल्यावर गाडी हातात धरा आणि शेपूट झटक्यानं उजवीकडे ढकला. पुढची चाकंही उजवीकडे वळली पाहिजेत. डावीकडे वळली तर जायरो उलटा लागलाय, आणि अशी गाडी जगातला कोणीही चालवू शकणार नाही. मग जायरोची संवेदनशीलता, म्हणजे गेन, वाढवत न्या. चाकं सरळ रेषेत थरथरायला लागली की थोडा मागं घ्या. ह्या सगळ्याला एक संध्याकाळ लागते. पण ती संध्याकाळ द्यायची कोणाची तयारी नाही, कारण दिव्यांसारखा तिचा फोटो निघत नाही.

वजनाचं तर कोणी नावच काढत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, मागची दोन चाकं त्यावर आणि पुढची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर ठेवा. मग उलट करा. पुढं किती, मागं किती, ते समोर दिसेल. जोर मागच्या चाकांना असेल तर बॅटरी मागं सरकवून बघा. अलॉय व्हीलचं बॅलन्सिंग करणाऱ्या दुकानात ५ आणि १० ग्रॅमच्या चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. त्यांनी उरलेला फरक भागवा. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलून ‘फरक पडला’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कशानं पडला ते त्यांनाच सांगता येत नाही.

आणि ते निळं अ‍ॅल्युमिनियम! प्लास्टिकचा आर्म धडकेत वाकतो आणि परत सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा एकतर वाकून तसाच राहतो, नाहीतर धक्का पुढं चेसिसला आणि गिअरबॉक्सला देतो. शिवाय वजन वाढतं, तेही बऱ्याचदा पुढच्या टोकाला. तरीही लोक बाहेरून मागवतात. तयार खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. छोट्या प्रमाणातल्या चालत्या मॉडेल गाड्याही त्याच शीर्षकात मोडतात. गाडीसाठी एवढा भुर्दंड भरलेला माणूस पुन्हा चकचकीत रंगासाठी पैसे मोजतो, ह्याचा मला संताप येतो.

संताप जास्त येतो, कारण हे आमच्या गावात घडतं. सदर्न मराठा रेल्वेनं १८८५ मध्ये उभा केलेला कारखाना हुबळीत आजही चालतो. धारवाडला टाटांच्या बस बनतात. गोकुळ रोड आणि तारिहाळच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर हात बसलेली माणसं आहेत. ६३ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेला पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, आणि एक-दशांश गाडीचा ड्रिफ्ट टायर जवळपास तेवढाच असतो. २६ मिलिमीटर रुंदीची कडी कापून घ्या, लेथवर कडा गोल करा, आतली फट टेपनं भरा, चाकावर ठोकून बसवा. शहाबादी फरशीला एक प्लास्टिक चालतं, सिमेंटच्या गच्चीला दुसरं. नायलॉनच्या, एचडीपीईच्या कड्या करून घ्या आणि फरक स्वतः बघा. इथली इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा लेथवाल्याकडे जायला लाजतात आणि पार्सलची वाट बघत बसतात. चार वर्षं कॉलेजात बलांचे समतोल सोडवलेल्या पोराला गाडीचं वजन काट्यावर घालायचं सुचत नसेल, तर त्याला काय शिकवलं ह्याचा जाब त्याच्या मास्तरांनी द्यायला हवा.

पुढच्या वेळी गाड्या घेऊन जमायचं ठरलं तर माझ्या अटी आधीच सांगतो. सगळ्यांना एकाच पाइपातून कापलेल्या कड्या. बॅटरी दोन सेलचीच. आधी प्रत्येकानं गाडी काट्यावर ठेवून पुढचं-मागचं वजन मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग जोडीनं धावायचं. ज्याच्या मोटरचा आकडा सगळ्यात मोठा, त्यानं मागं राहायचं आणि पुढच्या गाडीच्या दाराशी वीतभर अंतर राखून तीन फेऱ्या काढून दाखवायच्या.