धारपांची ‘आजी’ मराठीत, ‘तुंबाड’ मात्र हिंदीत

माळशिरस : संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते असा प्रवास करीत माळशिरसला येते आणि वेळापूरमार्गे पंढरपूरला जाते. याच मार्गावरील सासवड येथील जुन्या वाड्यात ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाचे काही चित्रीकरण झाले होते. चित्रपटाचे नाव कोकणातील गावाचे. विनायक, सदाशिव, पांडुरंग ही पात्रांची नावे मराठी. कथेचे बीजही मराठी लेखक नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेतले. भाषा तेवढी हिंदी. धारप यांच्या जन्माला २७ ऑगस्ट २०२५ रोजी शंभर वर्षे पूर्ण झाली. मराठीतील अद्भुत आणि भयसाहित्य पडद्यावर जाते तेव्हा त्यातले काय टिकते व काय गळते, हे तपासण्यास यापेक्षा चांगले निमित्त नाही.

‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन या चित्रपटाने झाले होते. तिकीटबारीवर त्याला बेताचेच यश मिळाले. पुढे घराघरांतील छोट्या पडद्यावर त्याचा प्रेक्षक वाढत गेला आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. दुसऱ्या भागाची घोषणाही त्याच वेळी झाली. एवढ्या चर्चेत धारपांचे नाव किती वेळा घेतले गेले, हा प्रश्न मराठी वाचकाने विचारायला हरकत नाही.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी या कथेचा उगम स्वतःच सांगितला आहे. १९९३ मध्ये नागझिराच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना रात्री एक गोष्ट सांगितली आणि ती मनात घर करून राहिली. ती धारपांची ‘आजी’ होती, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळले. त्यातही आणखी एक पदर आहे. ‘आजी’ ही अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली होती. म्हणजे अमेरिकेतील कथा मराठीत आली, मराठीतून तोंडी सांगितली गेली आणि अखेर हिंदी चित्रपटात पोहोचली. चित्रपटाचे नाव सुचले ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. या द्विखंडी कादंबरीत खोत घराण्याच्या पिढ्यांची कहाणी वास्तववादी वळणाने येते. चित्रपटाच्या कथेशी तिचा संबंध नावापुरताच आहे.

अशा वेळी ‘चित्रपट मूळ पुस्तकाला जागला का’ हा नेहमीचा प्रश्न लटका पडतो. मूळ म्हणायचे तरी कशाला?

तुलना करायची तर ती एका प्रसंगापुरती होते. किंग यांच्या कथेत अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एक मुलगा एकटा राहतो आणि ही आजी साधी म्हातारी नव्हे, हे त्याला कळत जाते. सगळी भीती शेजारच्या खोलीत आहे. ती खोली वाचकाला फार थोडी दिसते. कानावर मात्र सारखे काहीतरी पडत राहते. चित्रपटात १९१८ सालच्या पहिल्या भागात हाच प्रसंग येतो. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन निघते आणि साखळदंडाने जखडलेल्या आजीसह विनायक घरात मागे उरतो. कागदावर लेखक दाराआडचे अर्धे चित्र वाचकावर सोपवू शकतो. पडद्याला कधीतरी दार उघडावेच लागते. ‘तुंबाड’ने ते उघडले आणि भीती ओसरू दिली नाही, हे त्याचे मोठे यश आहे. ही आजी मोहम्मद समद या बालकलाकाराने रंगवली असून, तोच पुढे विनायकचा मुलगा पांडुरंग म्हणून दिसतो. एका पिढीचा शाप दुसऱ्या पिढीत उतरतो, ही गोष्ट त्यातून नकळत मनावर ठसते.

मात्र पुढचे दोन भाग, १९३३ आणि १९४७ चे, सर्वस्वी चित्रपटाचे आहेत. हस्तर हा सोन्याचा आणि धान्याचा लोभी देव, त्याची आदिमाता, कणकेची बाहुली दाखवून त्याच्या लंगोटातील मोहरा पळवण्याची युक्ती हे सारे लोभाच्या कथेसाठी रचले गेले. धारपांच्या गोष्टीतील भय मुलाच्या एकटेपणातून येते. चित्रपटातील भय माणसाच्या हावेतून. ही भर कमी दर्जाची नाही, उलट त्यामुळेच चित्रपट भयपटाच्या ठरीव चाकोरीबाहेर पडला. पण तिचा एक विचित्र परिणामही झाला. हस्तर कोणत्या पुराणात आहे, अशी विचारणा प्रेक्षकांत सुरू झाली. तो कोणत्याही पुराणात नाही. पडद्यावर रचलेला देव प्राचीन वाटावा आणि ज्या छापील पुस्तकातून गोष्ट निघाली ते अज्ञात राहावे, असा हा उलटा प्रकार आहे.

पुस्तकावरून निघालेल्या अद्भुतपटांवर लेखक नाराज होणे नवे नाही. खुद्द किंग यांना ‘द शायनिंग’वरील स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९८० चा चित्रपट रुचला नव्हता. जर्मन लेखक मिखाएल एंडे ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’च्या १९८४ च्या चित्रपटाविरुद्ध न्यायालयात गेले आणि हरले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रत्रयीने टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळले, म्हणून टॉल्किनप्रेमी अजून हळहळतात. या सर्व भांडणांत मूळ पुस्तक हाताशी असते आणि लाखो वाचकांनी ते वाचलेले असते. मराठीत नेमके तेच नाही. धारपांची पुस्तके एका पिढीने सर्क्युलेटिंग लायब्ररीतून रात्रीपुरती आणून वाचली. साहित्यसंमेलनांतील चर्चेत त्यांना मानाचे पान क्वचितच मिळाले. साकेत प्रकाशनाने अनेक पुस्तके नव्याने काढली नसती, तर आजच्या वाचकाला ती शोधावीच लागली असती.

शेजारच्या प्रदेशाकडे पाहिले की फरक अधिक स्पष्ट होतो. माळशिरसच्या दक्षिणेस, आटपाडी तालुक्यातील माडगूळे हे व्यंकटेश माडगूळकरांचे गाव. त्यांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, पटकथा माडगूळकरांचीच होती आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. माणदेशाचा उजाड माळ, मेंढरे आणि धनगरांची वस्ती कॅमेऱ्यासमोर उभी करायला खर्च लागतो, पण ते सारे जगात अस्तित्वात तरी असते. अद्भुतकथेचे जग आधी बांधावे लागते. लेखकाला त्यासाठी एक ओळ पुरते. निर्मात्याला मात्र नेपथ्य, रंगभूषा, संगणकीय दृश्ये आणि काही वर्षे मोजावी लागतात. बर्वे यांनी १९९७ मध्ये लिहिलेला पहिला खर्डा पडद्यावर यायला २१ वर्षे लागली, दरम्यान निर्माते मागे हटले, काही भाग पुन्हा चित्रित झाला. हिंदीच्या देशव्यापी बाजारपेठेतही ही दमछाक झाली. मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकात ती कोण सोसणार? त्यामुळे वास्तववादी कादंबरी मराठीत चित्रपट होते आणि अद्भुतकथा एक तर पुस्तकात राहते, नाही तर दूरचित्रवाणीकडे वळते. धारपांच्या ‘ग्रहण’वरून २०१८ मध्ये झी मराठीवर मालिका झाली. मालिकेला रोज एक भाग द्यायचा असतो, त्यात धारपांचा आटोपशीरपणा टिकणे कठीणच.

याची झळ कुणाला बसते, हे तालुक्याच्या गावी चांगले कळते. हॅरी पॉटर मराठीत आहे. मंजुल प्रकाशनाने ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून ती मालिका आणली. पण नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या या भागातील एखाद्या मुलाने ते पुस्तक मायबोलीत वाचले, तरी चित्रपट त्याच्यापुढे आला तो हिंदीत. वाचताना त्याने मनात रचलेली जादूची शाळा मराठी बोलत होती, पडद्यावर ती दुसरीच भाषा बोलू लागली. पुस्तकात धुमाकूळ घालणारे पीव्ह्ज हे खोडकर भूत चित्रपटांत नाही, ही तक्रार जगभरचे वाचक करतात. मराठी मुलाच्या वाट्याला त्याखेरीज भाषेची ही तूटही येते. ‘तुंबाड’च्या बाबतीत तर गोष्टीचा वाडा, पाऊस, माणसे, सारे त्याच्या ओळखीचे, फक्त बोलणे परके.

धारपांच्या ‘समर्थ’ कथा, ‘चेटकीण’, किंग यांच्याच ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली ‘लुचाई’ अशी बरीच सामग्री अजून आहे. यापैकी जे परदेशी कथांवर बेतलेले आहे, त्याच्या हक्कांचा गुंता निर्मात्यांना आधी सोडवावा लागेल. स्वतंत्र कथांची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. ‘तुंबाड’चा दुसरा भाग बर्वे दिग्दर्शित करणार नाहीत, हे घोषणेच्या वेळीच स्पष्ट झाले. पहिल्या भागात विनायक आजीला जाळून तिची सुटका करतो. तेव्हा पुढची कथा हस्तरच्या आधारावर उभी राहील. धारपांच्या कथेतून आलेले पात्र त्यात उरलेले नाही.