दूध बंद करण्यापूर्वी

‘दूध प्यायले की पोट फुगते, गुरगुरते’, अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की आपल्या लेखणीतून सहज उतरणारा आदेश म्हणजे ‘दूध बंद’. बेळगावच्या कुंद्यावर आणि गोठ्यातील म्हशीच्या दुधावर पोसलेल्या आपल्या सीमाभागात हा आदेश लहान नव्हे. ज्या शाकाहारी घरात कॅल्शियमचा दुसरा परवडणारा स्रोत नाही, तेथे तर तो फार महाग पडतो. म्हणून तो लिहिण्यापूर्वी विद्यार्थिदशेत घोकलेला एक धडा आपण पुन्हा आठवावा, असे मला वाटते.

फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूचे ‘लॅक ओपेरॉन’ उलगडून दाखविले. दुग्धशर्करा फोडणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर या जीवाणूच्या जनुकात लिहिलेले असते. परंतु एक दमनकारी प्रथिन त्या जनुकावर कुलूप लावून बसते. दुग्धशर्करा आत आली की तिच्यापासून बनलेला अ‍ॅलोलॅक्टोज ते कुलूप काढतो आणि विकराची निर्मिती सुमारे हजारपटीने वाढते. ग्लुकोज उपलब्ध असेल, तर मात्र ती मंदच राहते. गरज नसताना खर्च नाही, हा त्या सूक्ष्म जीवाचा हिशेब! या शोधाला १९६५ साली, आंद्रे ल्वोफ यांच्यासह, नोबेल पारितोषिक लाभले.

माणसाचे नियमन निराळे आहे. आपल्या लहान आतड्यातील लॅक्टेज बालपणानंतर बहुतेकांत ओसरते आणि दूध पीत राहिल्याने ते परत येत नाही. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती असल्याने तिला रोग म्हणणेही योग्य नव्हे. मग न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जीवाणू ती आंबवितात आणि वायू धरतो.

येथेच जीवाणू आपल्या उपयोगी पडतात. दूध थोडेथोडे, पण नियमित घेतल्यास काही दिवसांत बिफिडोबॅक्टेरियमसारख्या जीवाणूंचे बळ वाढते, विकराची क्रिया वाढते आणि त्रास बहुधा कमी होतो. दूध पूर्ण तोडले, तर ही सवय लागण्याची संधीच जाते. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजे साधारण एक पेला दूध, सोसते. जेवणासोबत तर अधिकच. दह्यातील जिवंत जीवाणू आपले विकर सोबत घेऊन येतात, हे १९८४ पासून ज्ञात आहे. आपल्या आजीचे ताक त्या कसोटीस उतरते. उकळलेली कढी मात्र नाही, कारण उष्णतेने विकर नष्ट होते.

तेव्हा ‘दूध बंद’ऐवजी ‘अर्धा पेला, जेवणाबरोबर, दही-ताक चालू ठेवा’ असे लिहावे. वजन घटणे, शौचातून रक्त पडणे अशी लक्षणे असल्यास अर्थातच तपास करावा. दुधाची अ‍ॅलर्जी हा प्रश्न वेगळा. जुलाब झालेल्या तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नये. आणि साध्या पोटफुगीसाठी प्रतिजैविके तर नकोतच. ज्यांच्या मदतीने दूध सोसते, त्या जीवाणूंवरच आपण घाव घालतो.

गरज असेल तेव्हाच जनुक उघडणारा जीवाणू काटकसरी आहे. आपली लेखणीही तशीच काटकसरी असावी, एवढीच माझ्या व्यवसायबंधूंना विनंती.