येशूकडे जाण्याआधी, आणि जाणाऱ्याला शिव्या देण्याआधी



आपल्या अनेक वस्त्यांत आता एक दृश्य ओळखीचे झाले आहे. रविवारी सकाळी एखाद्या घरात सतरंजी अंथरलेली असते, ढोलकीवर गाणी चालू असतात आणि पास्टर आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करीत असतो. यावर आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली, "गद्दार आहेत, पैसे घेऊन गेले." दुसरी, "काय फरक पडतो? सगळे धर्म सारखेच." दोन्ही चुकीच्या आहेत. पहिलीत आपल्याच माणसाचा अपमान आहे. दुसरीत, १९३५ च्या येवल्यापासून १९५६ च्या नागपूरपर्यंत बाबासाहेबांनी जी २१ वर्षे धर्मांचा विचार करण्यात घालवली, त्या २१ वर्षांचा अपमान आहे. धर्म सारखेच असते तर येवल्याहून परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणताही एक उचलता आला असता.

म्हणून आधी हा धर्म काय सांगतो ते सरळ समजून घेऊ. विरोधकाचे म्हणणे मोडून तोडून मांडणे ही मनुवाद्यांची सवय आहे, आपली नसावी.

ख्रिस्ती धर्माचा पाया थोडक्यात असा. जग निर्माण करणारा एक ईश्वर आहे. तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन रूपांत एकच आहे. पहिल्या माणसाने ईश्वराची आज्ञा मोडली, म्हणून सारी मानवजात पापात आहे. या पापातून माणूस स्वतःच्या बळावर सुटू शकत नाही. म्हणून ईश्वराचा पुत्र येशू माणूस होऊन आला, आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. तो परत येईल आणि सर्वांचा न्याय करील. जो त्याच्यावर विश्वास ठेवील त्याला तारण मिळेल. हे तारण कमवायचे नसते, ती ईश्वराची कृपा असते.

सुरुवात कशी करतात? पापांचा पश्चात्ताप करायचा, येशू हाच प्रभू आणि तारणारा असे मान्य करायचे, बाप्तिस्मा घ्यायचा, मग मंडळीत सामील होऊन बायबलवाचन, प्रार्थना आणि प्रभुभोजन हा नेम ठेवायचा. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला आधी बरेच महिने शिकवण देतात आणि बहुधा ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देतात. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत हे फार लवकर होते. वस्तीत येणाऱ्या पास्टरांपैकी पुष्कळसे याच प्रकारचे असतात. मुद्दा हा की बाप्तिस्मा म्हणजे प्रार्थनेला जाऊन बसणे नव्हे. वर सांगितलेले सगळे खरे आहे, अशी ती जाहीर कबुली आहे.

आता स्वतःला विचारा, ही कबुली तुम्ही देऊ शकता का?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमका हाच फरक दाखवला आहे. येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले आणि हे मानल्याशिवाय तारण नाही अशी अट घातली. बुद्धाने स्वतःसाठी अशी कोणतीही जागा राखून ठेवली नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. वाट दाखवली आहे, चालायचे तुम्ही. ज्याला ईश्वर, आत्मा, परलोक यांच्या कचाट्यातून सुटून स्वतःच्या पायावर उभे राहायचे आहे, त्याने एका तारणाऱ्याला सोडून दुसऱ्या तारणाऱ्याच्या पायाशी का बसावे?

याहून मोठा प्रश्न पापाचा आहे. धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी एक मर्मावर बोट ठेवले. अस्पृश्य हिंदू असताना त्याला सांगितले गेले की तुझी दुर्दशा हे तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ. तो ख्रिस्ती झाला तर त्याला सांगितले जाते की तुझी दुर्दशा आदिपापामुळे. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी! ज्या समाजव्यवस्थेने त्याला गावकुसाबाहेर टाकले ती दोन्हीकडे निर्दोष सुटते. मग ती व्यवस्था बदलण्याची ईर्षा कुठून येणार? आपण पापी नव्हतो, मित्रांनो. आपल्यावर पाप केले गेले होते. या दोन वाक्यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच बाप्तिस्मा आणि धम्मदीक्षा यांत आहे.

"पण तिथे जात नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकात नाही, हे मी मान्य करतो. पौलाच्या पत्रांत दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे सांगितले आहे. पण भारतात काय झाले? सतराव्या शतकात मदुराईत रॉबर्ट डी नोबिली हा जेझुइट धर्मगुरू ब्राह्मण संन्याशासारखा राहिला आणि ब्राह्मणांना त्यांचे जातीचे आचार ठेवून ख्रिस्ती होऊ दिले. शेजारच्या गोव्यात शतकानुशतके कॅथलिक असलेल्या घरांत बामण, चारडो, सुदीर ही ओळख लग्न जुळवताना अजून निघते. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागात ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी करणारी भिंत आहे. मेल्यावरसुद्धा भिंत! २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेलाच दलित सक्षमीकरणाचे धोरण काढावे लागले. भारताला पहिला दलित कार्डिनल मिळाला तो २०२२ मध्ये.

तरीही एक गोष्ट ठणकावून सांगतो. या टीकेचा आधार घेऊन कोणी प्रार्थना सभेवर दगड मारायला निघत असेल, तर आपण त्याच्या नव्हे, त्या सभेच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. कलम २५ त्यांचेही आहे. धर्मांतरविरोधी कायद्याने फक्त चर्च बंद होईल अशा भ्रमात राहू नका. २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध होण्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक केली. म्हणजे फास एकच आहे, गळे वेगवेगळे आहेत. तसेच १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या यादीबाहेर ठेवले आहे. त्यात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. धर्म बदलला म्हणून गावाने त्यांची जात विसरली का? नाही. मग हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध बोलणे हे आपले काम आहे. आणि भीमा कोरेगावशी जोडलेल्या खटल्यात कैदेत असतानाच २०२१ मध्ये प्राण सोडणारे स्टॅन स्वामी हे जेझुइट धर्मगुरूच होते, हेही विसरू नका.

आपल्या परंपरेनेही येशूचा द्वेष कधी केला नाही. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या पंक्तीत बसवले. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या तेव्हा जोतिराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण स्वतः बाप्तिस्मा न घेता त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. आदर आणि शरणागती यांतला फरक त्यांना कळत होता.

आता शेवटचा आणि आपल्याला झोंबणारा मुद्दा. आपली माणसे का जातात? त्रैक्याचा सिद्धांत पटला म्हणून फार थोडे जातात. घरात दारू आहे, पोरगं आजारी आहे, नवरा मारतो, कर्ज आहे. अशा वेळी कोणीतरी दारात येतो, नावाने हाक मारतो, दवाखान्यात सोबत बसतो. तो पास्टर असतो. त्या वेळी आपण कुठे असतो? आपला विहार १४ एप्रिलला उघडतो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला उघडतो, आणि एरवी त्याला कुलूप असते. चावी कोणाकडे यावरून दोन गटांत भांडण असते. डीजेला वर्गणी जमते, अभ्यासिकेला जमत नाही.

१९५० मध्ये बुद्धधम्माच्या भवितव्यावर लिहिताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाला स्पष्ट सांगितले होते की ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून, सेवेचा गुण घ्या. शिक्षण आणि औषधोपचार यांच्या सेवेतूनच तो धर्म आशियात पसरला. आपण त्यांचा देव नाकारला ते योग्यच केले. पण त्यांची सेवाही नाकारली, आणि तिथेच चुकलो.

म्हणून ज्याला येशूकडे जायचे आहे त्याला एवढेच सांगणे: आधी शुभवर्तमान वाच, मग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाच, आणि कोणाच्याही हाताखाली डोके देण्याआधी ते डोके वापर. त्यानंतरही गेलास तर तुझा हक्क आहे, तू आमचा शत्रू नाहीस. आणि जो शिव्या देतो आहे त्याला सांगणे: तुझ्या वस्तीतल्या विहाराचे कुलूप येत्या रविवारी काढ. झाडलोट कर, त्रिसरण-पंचशील म्हण, मुलांचा एक तास अभ्यास घे, आणि गल्लीत कोण आजारी आहे ते विचारून त्याच्या घरी जा. हे चार रविवार केलेस तर पाचव्या रविवारी बोलू.

जय भीम! नमो बुद्धाय!