गाडीचा लुक मोठा की लेकराचं डोकं?

पोस्ट लांब आहे. पण गाडीवाल्या भावांनी पूर्ण वाचा, मग शिव्या द्या.

मागच्या आठवड्यात माझी आठ वर्षांची पुतणी माझ्या बोलेरोपुढे उभी होती. क्रॅश गार्डची आडवी पाइप बरोबर तिच्या हनुवटीला. सहा वर्षं हीच पाइप मी मिरवली. त्याच दिवशी पाना घेतला, काढून टाकली.

शेजारी म्हणतो, "काहून काढली भाऊ? गाडी नागडी दिसते ना!"

दिसू दे. कंपनीचं बंपर दबण्यासाठीच असते. ते दबते आणि धक्का खाते. गार्ड मात्र चेसिसला आवळलेला. तो दबत नाही, धक्का थेट आतल्या माणसांपर्यंत नेतो. एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका वेगळाच. आणि समोर सायकलवाला असला तर लोखंड त्याच्या अंगावर.

हे मी एकटाच म्हणत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं की असे गार्ड म्हणजे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चा भंग आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तरी भंडारा ते साकोली एक चक्कर मारा आणि गार्डवाल्या गाड्या मोजा. बोटं पुरणार नाहीत. पुढाऱ्यांच्या ताफ्यापासून मोजायला सुरुवात करा!

दुसरी हौस उंचीची. स्प्रिंगखाली तुकडे घालून गाडी दोन-तीन इंच वर उचलायची. इथं इंग्लंडच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारची गोष्ट ऐका. 1962 ला आली तेव्हा बुटकी, चकचकीत क्रोम बंपरची. अमेरिकेत ताशी 5 मैलांची धडक सोसणाऱ्या बंपरचे नियम आले. म्हणून 1974 मध्ये कंपनीनं तिला जाड काळं रबरी बंपर लावलं आणि गाडी साधारण दीड इंच उचलली. परिणाम? वळणावर गाडी झुकायला लागली, लोकांनी बोंब मारली, कंपनीला सस्पेन्शन पुन्हा सुधारावं लागलं. आजही तिचे शौकीन उंची कमी करून घेतात. कारखान्यातल्या इंजिनिअरांना दीड इंच महागात पडला, आणि आपला गॅरेजवाला अर्ध्या तासात तीन इंच वाढवून देते!

तिकडं कायद्यासाठी लुक बिघडवला. आपण लुकसाठी कायदा बिघडवतो.

कोणी म्हणेल, "कोका जंगलाचा रस्ता आहे, रानडुक्कर आडवं येते." बरोबर आहे. मग तिथं गाडी हळू चालवा ना बाप्पा! डुकरावर उपाय ब्रेक आहे, पाइप नाही.

रोवण्याच्या दिवसांत बाया अंधार पडता पडता बांधावरून थेट डांबरी रस्त्यावर येतात. पोरी सायकलनं शाळेत जातात. रस्ता त्यांचाही आहे. त्यांच्याजवळ गार्ड नाही, एअरबॅग नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. तपासणी नाक्यावरून नको, आधी सरकारी आवारात उभ्या गाड्यांपासून सुरू करा. गार्ड बसवून देणाऱ्या दुकानदारालाही विचारा. आणि तुम्ही कोणाची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर आपल्या लेकराला गाडीपुढे उभं करा आणि पाइप कुठं लागते ते बघा.

मग पाना शोधायला वेळ लागणार नाही.