गोपनीयता दुर्बलांची, पारदर्शकता बलवंतांची

मोबाईल, आधार आणि खासगी माहिती यांचा विषय निघाला की आपल्या समाजात तीन मते हमखास ऐकावयास मिळतात. पहिले मत असे की, 'आपल्याकडे लपविण्यासारखे आहे तरी काय?' दुसरे असे की, 'माहिती तर केव्हाच जगभर गेली, आता दार लावून काय उपयोग?' आणि तिसरे, 'सरकार काय ते बघून घेईल.' ही तिन्ही मते कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडी असतात. वृद्धांची फसवणूक झाल्याची बातमी वाचताच आपण सरकारने कठोर कायदा करावा अशी मागणी करतो, आणि सरकारने एखादे पाऊल उचलले की आपल्यावर पाळत ठेवली जाणार अशी भीतीही आपल्यालाच वाटते. ही विसंगती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. संरक्षण हवे आणि स्वातंत्र्यही हवे, ही माणसाची रास्त अपेक्षा तिच्या मुळाशी आहे.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस याचा प्रत्यय साऱ्या देशाला आला. दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हे ॲप प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये आधीच बसवून देण्याचा आदेश उत्पादक कंपन्यांना दिला. हेतू वाईट नव्हता. चोरीला गेलेला फोन बंद करणे, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे तपासणे, संशयास्पद कॉलची तक्रार करणे अशा सोयी त्या ॲपमध्ये आहेत. परंतु घराघरातील प्रत्येक फोनमध्ये सरकारचे ॲप सक्तीने का असावे, हा प्रश्न सर्व थरांतून विचारला गेला आणि ३ डिसेंबर २०२५ रोजी ती सक्ती मागे घेण्यात आली. ॲप राहिले, सक्ती गेली. सामान्य माणसाच्या मताला वजन नसते असे मानणाऱ्यांनी ही घटना ध्यानी ठेवावी.

आता पहिल्या मताकडे वळू. 'लपविण्यासारखे काय आहे?' असे म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो. परंतु त्याने प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. आपल्या घराला दार असते ते आत चोरीचा माल आहे म्हणून नव्हे, तर आत आपली माणसे आहेत म्हणून. 'डिजिटल अटके'च्या नावाने चालणारे गुन्हे पाहा. पोलीस वा सीबीआय अधिकारी असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, धाकात ठेवायचे आणि आयुष्यभराची पुंजी काढून घ्यायची, अशी ही रीत. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या गुन्ह्यांची दखल घेतली. गुन्हेगाराची भीती दाखवण्याची ताकद येते कोठून? समोरच्याचे नाव, पत्ता, आधार क्रमांक, बँकेचे नाव त्याला आधीच ठाऊक असते म्हणून ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि जे घरी एकटे आहेत, अशा आपल्या वडीलधाऱ्यांना लपविण्यासारखे काहीच नव्हते. गमावण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

खासगीपणाच्या या प्रश्नाचा प्रवास महाराष्ट्राच्या एका आदिवासी गावातून सुरू होतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. ज्याच्यापाशी कोणताही कागद नाही, त्या गरिबाला ओळख मिळावी हा त्यामागील उद्देश होता आणि तो उदात्त होता. पुढे मात्र गॅस, बँक, मोबाईल, शाळा अशा प्रत्येक दारी हा क्रमांक मागितला जाऊ लागला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा तो अविभाज्य भाग आहे.

न्यायालयाने हा हक्क अमर्याद मानला नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. राज्यसंस्थेला नागरिकाच्या खासगी जीवनात हस्तक्षेप करता येईल. परंतु त्यासाठी कायद्याचा आधार असला पाहिजे, हेतू न्याय्य असला पाहिजे, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात असला पाहिजे. उंदीर पकडण्यासाठी घराला आग लावता येत नाही, असा त्याचा साधा अर्थ. ह्याच कसोटीने २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधारची योजना वैध ठरविली. सरकारी अनुदानासाठी आणि प्राप्तिकरासाठी आधारची अट कायम ठेवली. बँक खाते आणि मोबाईल यांच्याशी सक्तीची जोडणी मात्र रद्द केली. २०१९ मधील कायदा-दुरुस्तीने तेथे ऐच्छिक वापराला वाट दिली. व्यवहारात काय घडते ते आपण जाणतोच. लॉजमध्ये खोली घेताना, सोसायटीत भाडेकरू म्हणून जाताना आधारची झेरॉक्स पुढे करण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, कारण विचारणे उद्धटपणाचे वाटू लागले आहे. केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी 'मास्क्ड आधार' प्रत मिळू शकते, हे देखील अनेकांना माहीत नसते.

मूलभूत हक्क मान्य झाला तरी त्याला कायद्याचे कवच मिळण्यास सहा वर्षे लागली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल व मसुदा सादर केला. २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. अखेर 'डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३' संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, माहिती गोळा करणाऱ्या संस्थांवरील प्रमुख कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. ह्या कायद्यात स्वागतार्ह असे बरेच आहे. माहिती कशासाठी हवी ते स्पष्ट भाषेत सांगूनच संमती घ्यावयाची. ही सूचना मराठीसह संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावयाचा. दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळणी केलेली संमती हवी. माहितीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु ह्याच कायद्यात एक मोठी उणीव आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकते. तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंडळाच्या सदस्यांची नेमणूकही केंद्र सरकारच करणार. खासगी कंपनीवर लगाम आणि सरकारी यंत्रणेला मोकळीक, असा हा तोल आहे. त्याहून चिंतेची बाब माहितीच्या अधिकाराची. एखाद्याची वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी आवश्यक असेल तर ती द्यावी, असे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्येच नमूद होते. २०२३ च्या कायद्याने ते शब्द त्या कलमातून काढून टाकले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अंमलात आला. जनहिताची सर्वसाधारण तरतूद त्याच कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे, हे खरे. तरीही रस्त्याचे कंत्राट कोणाला दिले, रेशनच्या यादीत कोणाची नावे आहेत, असे विचारणाऱ्या कार्यकर्त्याला 'ही वैयक्तिक माहिती आहे' असे उत्तर देणे अधिकाऱ्याला सोपे झाले आहे. ज्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे केंद्रीय कायद्याच्या आधीच राज्याचा माहिती अधिकार कायदा आला, त्या महाराष्ट्राने तरी हा बदल मुकाट्याने स्वीकारू नये.

आमच्या मते, साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. गोपनीयता हे दुर्बलांचे कवच आहे आणि पारदर्शकता हे बलवंतांचे कर्तव्य आहे. ज्याच्या हाती सत्ता वा पैसा आहे त्याचा कारभार उघडा असावा. ज्याच्या हाती काहीच नाही त्याचे घर झाकलेले असावे. हे उलटे झाले, म्हणजे नागरिक काचेच्या घरात आणि सत्ता पडद्याआड गेली, की लोकशाही दुबळी होते.

ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' ह्या दस्तऐवजात मानवी हक्क गणताना खासगी जीवनाच्या रक्षणाचा हक्क स्पष्टपणे नोंदविला. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम २२० कोणाच्याही लौकिकास अन्यायाने बाधा आणण्यास आणि खासगीपणाच्या हक्काचा भंग करण्यास मनाई करते. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करू नये, हा नियम तर आपण लहानपणापासून जाणतो. धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या, मृत्यूच्या नोंदवह्या परक्यांच्या हाती पडू नयेत, अशी आज्ञा कलम ५३५ मध्ये आहे. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजातही खासगीपणाचा संबंध मानवी प्रतिष्ठेशी जोडलेला आहे. माणूस म्हणजे माहितीचा साठा नव्हे, तो देवाची प्रतिमा आहे, ही आपली श्रद्धा.

म्हणूनच सरकारला प्रश्न विचारताना आपण आपल्याही अंगणात पाहिले पाहिजे. नव्या कायद्याने धर्मसंस्थांना सरसकट वगळलेले नाही. धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुटुंबांचे फोन क्रमांक, आजाऱ्यांची नावे व त्यांचे आजार सहज फिरत असतात. प्रार्थनेची विनंती जरूर करावी. निदान जाहीर करण्याची गरज नसते. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांची छायाचित्रे नावानिशी टाकण्यापूर्वी पालकांना विचारले जाते काय? मदतीचे धान्य वा शिष्यवृत्ती घेणाऱ्या गरिबाला छायाचित्रासाठी उभे केले जाते, तेव्हा डोंगरावरील प्रवचनात प्रभूने गुप्त दानाविषयी दिलेली शिकवण आपण विसरलेलो असतो. शाळांनी, रुग्णालयांनी, पतसंस्थांनी आपल्या अर्जांतील प्रत्येक रकाना पाहून स्वतःला विचारावे : ही माहिती कशासाठी हवी? ती कोण पाहणार? काम झाल्यावर ती नष्ट कधी करणार?

मात्र गोपनीयतेचे नाव पुढे करून अन्याय झाकता येणार नाही. हा धडा ख्रिस्तसभेला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणांना लागू असलेली 'पोपपदीय गुप्तता' पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये रद्द केली. पीडिताच्या नावाचे रक्षण आवश्यकच आहे. परंतु संस्थेच्या अब्रूचे रक्षण म्हणजे गोपनीयता नव्हे. हिशेब, नेमणुका, तक्रारींचा निवाडा यांबाबत सत्तास्थानी असलेल्या प्रत्येकाने, मग तो मंत्रालयात असो वा धर्मग्रामात, प्रकाशात उभे राहावे.

'माहिती केव्हाच गेली' असे म्हणून हात झटकणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की, काल दार उघडे राहिले म्हणून आज ते उघडेच ठेवावे असे होत नाही. उद्या जन्मणाऱ्या बालकाची माहिती अजून कोठेही गेलेली नाही. आणि 'सरकार बघून घेईल' म्हणणाऱ्यांनी सरकारकडे पाहणे सोडू नये. फसवणूक झाली तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. आधारची पूर्ण प्रत मागणाऱ्याला नम्रपणे कारण विचारावे. आणि माहिती अधिकाराच्या कलमातून वगळलेले जनहिताचे शब्द पुन्हा तेथे यावेत, यासाठी आपल्या खासदारांना पत्र लिहावे. श्रद्धावंत नागरिक म्हणून हे आपले कर्तव्य आहे.